सीझन आला की पोस्ट टाकतो, लाइक येतात, फोन मात्र येत नाही: कुलूप-किल्लीच्या धंद्यातली दरवर्षीची अडचण

तक्रार अशी असते. पावसाळा तोंडावर आला म्हणून 'दार अडकतंय? कुलूप फिरत नाही? लगेच फोन करा' अशी पोस्ट फेसबुक पेजवर टाकली. पंचवीस-तीस लाइक पडले. त्यातले निम्मे नातेवाईक, उरलेले याच धंद्यातले. फोन एकही नाही. सुट्ट्यांच्या आधी पुन्हा तेच, थंडीत पुन्हा तेच. मग दोन महिने पेजकडे फिरकायचं नाही आणि हवा बदलली की पहिल्यापासून सुरुवात.

मी हे चार वर्षं केलं. पाचव्या वर्षी वैतागून पेज बंद करायला निघालो होतो. त्याआधी सहज म्हणून कामाची वही आणि पेजच्या तारखा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा कुठे पाणी मुरतंय ते कळलं. पोस्ट वाईट नव्हत्या. त्या चुकीच्या दिवशी, चुकीच्या अपेक्षेने जात होत्या.

ज्याचं कुलूप आत्ता अडकलंय तो फेसबुक चाळत बसत नाही. हातात सामान, पाठीमागे मुलं आणि समोर न उघडणारं दार. अशा वेळी माणूस आधी फोनमध्ये 'चावीवाला' म्हणून काही सेव्ह आहे का ते बघतो. नसेल तर नकाशावर शोधतो, नाहीतर शेजारी विचारतो. तुमची पोस्ट त्याच्यापर्यंत त्या घटकेला पोचायची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणजे पोस्टने जे काम करायचं ते त्या घटकेच्या कितीतरी आधी: तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये जाऊन बसला पाहिजे. 'लगेच फोन करा' हे वाक्य त्या दिवशी दार नीट चालणाऱ्या हजार माणसांना उद्देशून असतं आणि त्यांना फोन करायचं काही कारणच नसतं.

आधी फोनच तपासा

पेजला दोष देण्याआधी एक तपासणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. गेल्या सीझनमधल्या सगळ्यात गर्दीच्या आठवड्याची मिस्ड कॉलची यादी काढा. एका हातात ड्रिल आणि दुसऱ्या हातात कुलपाचा सिलिंडर (किल्ली ज्यात फिरते तो गाभा) असताना आपण फोन उचलत नाही. समोरच्याचं दार बंद आहे, तो दुसऱ्यांदा करत नाही, यादीतल्या पुढच्याला लावतो. माझ्या यादीत अनोळखी नंबरांची रांग निघाली. जाहिरात चालली होती, मीच चाललो नव्हतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अनुपस्थितीचा आपोआप जाणारा संदेश ठेवता येतो. तो 'आम्ही लवकरच संपर्क करू' असा ठेवू नका. 'कामावर आहे, पत्ता आणि दाराचा फोटो पाठवा, वीस मिनिटांत फोन करतो' असा ठेवा, आणि वीस म्हटलं तर वीसच.

तुमचा सीझन कॅलेंडरवर नसतो, वहीत असतो

बहुतेकांची चूक इथे होते आणि माझीही झाली. पोस्टचं वेळापत्रक आपण सणवारांच्या शुभेच्छांवरून आखतो, कारण तयार डिझाइन तिथेच मिळतात. पण कुलपाला सण कळत नाहीत. त्याला दमटपणा कळतो, धूळ कळते, थंडी कळते आणि घर बदलणारी माणसं कळतात.

वहीत प्रत्येक कामापुढे तीनच गोष्टी लिहायला लागा: तारीख, कुलूप किंवा दार कोणत्या प्रकारचं, आणि बिघाडाचं खरं कारण. 'कुलूप खराब' हे कारण नव्हे. 'लाकडी दार फुगलं, लॅच (कुलपाची बाहेर येणारी जीभ) चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात बसत नाही' हे कारण. वर्षभराच्या नोंदी झाल्या की कारणानुसार वेगळ्या काढा. तुम्ही मनात धरलेला सीझन आणि वहीतला सीझन यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर सहज निघतं. माझ्याकडे पहिल्या पावसाच्या आठवड्यात दारं अडकल्याची कामं फारशी नव्हतीच. लाकूड ओलावा हळूहळू पितं. सलग दमट हवेत काही दिवस गेले की मग दार चौकटीला घासायला लागतं. मी पहिल्या सरीला पोस्ट टाकून मोकळा व्हायचो आणि खरी गर्दी सुरू व्हायची तोवर ती पोस्ट फीडच्या तळाशी गेलेली असायची.

लोक गूगलवर काय आणि कधी शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा आधार घेणारे घेतात. घ्या, पण जपून. तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या सांगत नाही, निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च टोकाच्या तुलनेतलं प्रमाण सांगतो. शिवाय लहान गावासाठी माहिती अपुरी पडली की ० दिसतो. त्याचा अर्थ तिथे कोणी शोधतच नाही असा होत नाही. मोठ्या प्रदेशासाठी आलेखाचा आकार बघावा, नेमका आठवडा स्वतःच्या वहीतून ठरवावा.

आणि हो, गूगल नकाशावरच्या दुकानाच्या प्रोफाइलमध्ये दिसणारी फोन-क्लिकची आकडेवारी फार जुनी मागे जाऊन बघता येत नाही. महिना संपला की ती वहीत उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना करायला हाताशी काही नसतं.

पोस्टमध्ये लिहायचं काय

'दर्जेदार सेवा, वाजवी दर' असं लिहिलेलं कोणी सेव्ह करत नाही. हवा बदलली की दाराचं काय होतं, हे आपल्याला इतकं पाठ असतं की ते लिहिण्यासारखं आहे असं वाटतच नाही. ग्राहकाला मात्र ते नवीन असतं.

दमट दिवसांचं घ्या. लाकूड रेषांच्या दिशेला जवळजवळ वाढत नाही, आडवं फुगतं. म्हणून दार उंचीला तेवढंच राहतं, पण रुंदीला भरतं आणि लॅचच्या बाजूला घासतं. लोक काय करतात? किल्लीवर जोर देतात. किल्ली आत तुटते आणि दोष कुलपाला. यावर एक साधी चाचणी पोस्टमध्ये द्या: दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. उघड्या दारात कुलूप लोण्यासारखं फिरत असेल आणि बंद दारात अडत असेल, तर कुलूप ठीक आहे, दार, बिजागऱ्या किंवा चौकटीतली पट्टी बघायला हवी. माझ्या सगळ्या पोस्टमध्ये सर्वांत जास्त जणांनी सेव्ह केलेली पोस्ट हीच. 'तुम्ही फुकट सांगून टाकता, मग तुम्हाला कोण बोलावणार?' असं एका सहकाऱ्याने विचारलं होतं. चाचणी केल्यावर पट्टी सरकवायला बोलावतात, हे त्याचं उत्तर.

उन्हाळ्यात लाकडापेक्षा धातू आणि प्लास्टिकची दारं त्रास देतात. दोन मीटर उंच ॲल्युमिनियमचा पल्ला ३० अंश सेल्सिअसने तापला तर साधारण दीड मिलिमीटर वाढतो. यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, तेवढाच पल्ला चार मिलिमीटरच्या आसपास. वर-खाली हूक अडकणाऱ्या कुलपाला एवढं पुरतं. म्हणून 'दुपारी दार लागत नाही, रात्री लागतं' अशी तक्रार येते आणि घरच्यांना वाटतं काहीतरी भास होतोय. ही एक ओळ जशीच्या तशी पोस्टचा मथळा करा. ज्याच्या घरी हे घडतं तो थांबून वाचतोच.

कोरड्या हवेत उलटं होतं. लाकूड आकसतं, फट वाढते, लॅचचं जेमतेम टोक पट्टीत जातं. दार लागल्यासारखं दिसतं आणि खांद्याच्या एका धक्क्याने उघडतं. धुळीच्या दिवसांत तेलाचा विषय येतो. घरात असेल ते तेल कुलपात सोडायची सवय सगळीकडे आहे. ते धूळ धरतं आणि कुलपाच्या आतल्या बारीक पिनांभोवती चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडं टेफ्लॉनचं वंगण वापरा असं सांगा, आणि आधी तेल घातलेल्या कुलपात वरून ग्रॅफाइट ओतू नका हेही सांगा, कारण त्या दोघांचा मिळून लगदा होतो.

थंडीसाठी डिजिटल कुलपं. अल्कलाइन सेलमधली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, त्यामुळे काल ठीक असलेलं कुलूप पहाटे मोटर फिरवू शकत नाही. काही जण हुशारीने लिथियमचे सेल घालतात. त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे सेल संपत आल्याचा इशारा वेळेवर मिळेलच असं नाही. म्हणूनच बरेच उत्पादक अल्कलाइनच घाला असं सांगतात. याच पोस्टला जोडून एक गोष्ट: अनेक डिजिटल कुलपांच्या बाहेरच्या भागावर, बहुधा खालच्या कडेला, धातूचे दोन ठिपके असतात. सेल पूर्ण संपले तरी तिथे ९ व्होल्टची बॅटरी टेकवून कोड टाकता येतो. काही नव्या कुलपांना त्याच कामासाठी यूएसबी-सीची खाच असते. बहुतेक मालकांना आपल्याच दारावरचे ते ठिपके कशाला आहेत ते माहीत नसतं.

घरं बदलण्याच्या दिवसांबद्दल थोडक्यात. आधीच्या राहणाऱ्याकडे किती किल्ल्या होत्या ते कोणालाच माहीत नसतं, आणि पूर्ण कुलूप न बदलता नुसतं सिलिंडर किंवा पिना बदलून जुन्या किल्ल्या निकामी करता येतात. एवढं लिहिलंत तरी पुरे.

चोरीची भीती घालणाऱ्या पोस्ट मी बंद केल्या. सुट्ट्यांच्या दिवसांत कुठल्यातरी कॅमेऱ्यातली क्लिप टाकली की ती फिरते खूप. पण ती कुठली, कधीची, खरी की खोटी, काही ठाऊक नसतं. शेअर करणारी माणसंही लांबची असतात, जिथे आपण कामाला जाणारच नाही. आणि ज्याच्याकडे घराची किल्ली द्यायची त्याने आपल्याला घाबरवलेलं कोणाला आवडतं?

'सहमत असाल तर लाइक करा, पाच जणांना टॅग करा' हेही सोडा. अशा आर्जवी पोस्ट खाली ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सुरुवात केली.

किती आधी

वहीत गर्दीचा आठवडा सापडला की तिथून उलटं मोजायचं. पाच-सहा आठवडे आधी चाचणीची पोस्ट, म्हणजे माणूस स्वतःच्या दारावर काहीतरी करून बघेल अशी. या काळात येणारी कामं छोटी असतात: पट्टी सरकवणं, बिजागरीचे स्क्रू बदलणं, जादा किल्ली. पण ती आपल्या सोयीच्या वेळी येतात. दोनेक आठवडे आधी तीच गोष्ट वेगळ्या फोटोसह, आणि शेवटी साधी विनंती: 'नंबर सेव्ह करून ठेवा, नावात चावीवाला लिहा.' नावात काय लिहायचं तेही सांगा. दुकानाचं नाव संकटात आठवत नाही, 'चावीवाला' आठवतं.

प्रत्यक्ष गर्दी सुरू झाली की शिकवण्याच्या पोस्ट बंद. तेव्हा फक्त एका ओळीची स्टोरी: आज कुठल्या भागात आहे, किती वाजेपर्यंत आहे. स्टोरी २४ तासांत जाते, तेच बरं, कारण कालची उपलब्धता आज कोणाच्या कामाची नाही. चाचण्यांच्या स्टोरी मात्र हायलाइटमध्ये ठेवा, दार अडकल्यावर नंबर शोधत पेजवर आलेल्याला त्या वरच दिसतात.

गर्दीत नवीन पोस्ट लिहायला वेळ मिळत नाही हे कारण मीही द्यायचो. त्यासाठी लिखाण रिकाम्या महिन्यात करायचं आणि फोटो गर्दीत काढायचे. फुगलेल्या दाराचा फोटो कोरड्या महिन्यात कुठून आणणार? या सीझनला काढलेला फोटो पुढच्या सीझनच्या पोस्टसाठी असतो.

व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पोचत नाहीत

ही वेगळी तक्रार वाटते, पण मूळ तेच. जुन्या ग्राहकांची ब्रॉडकास्ट यादी केली, सीझनआधी संदेश सोडला, बऱ्याच जणांपुढे एकच टिक. इंटरनेट तपासू नका. साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यालाच संदेश पोचतो. सेव्ह केलेला नसेल तर तुम्ही हवेशी बोलताय. उपाय काम संपताना करायचा: किल्ली हातात देताना 'माझा नंबर सेव्ह केलात का?' असं विचारायचं आणि तिथेच एक संदेश पाठवायचा. त्या क्षणी माणूस खूश असतो, नंतर विसरतो. आणि वर्षाला तीन-चार संदेशांपलीकडे जाऊ नका. रोज सुप्रभात पाठवणाऱ्या चावीवाल्याला लोक ब्लॉक करतात, आणि बरोबर करतात.

पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती

'बूस्ट केलं, पैसे गेले, काही झालं नाही.' इथे दोन गोष्टी तपासा. फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या जाहिरात-यंत्रणेला जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकायला साधारण आठवड्याला ५० परिणाम (फोन, क्लिक असं जे ध्येय ठेवलं असेल ते) लागतात. एका गावातल्या चावीवाल्याला एका जाहिरातीतून आठवड्याला ५० फोन येणं कठीणच, त्यामुळे 'फोन कॉल' हे ध्येय ठेवलेली जाहिरात अनेकदा शिकण्याच्या टप्प्यातच लोंबकळते. त्यात आपण दर दोन दिवसांनी मजकूर, फोटो, परीघ बदलत बसतो आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर शिकणं पुन्हा पहिल्यापासून. आमच्यासारख्यांनी जास्त वेळा घडणारी गोष्ट ध्येय म्हणून घ्यावी, उदाहरणार्थ चाचणीचा व्हिडिओ बघणं. एकच जाहिरात, एकच परीघ, आणि सीझनच्या आधी सुरू करून हात न लावता चालू द्यायची.

दुसरं म्हणजे परीघ. शहराचं नाव टाकण्यापेक्षा नकाशावर टाचणी रोवून जेवढं अंतर तुम्ही खरोखर अर्ध्या तासात गाठता तेवढंच ठेवा. लांबून आलेला फोन नाकारावा लागतो आणि नाकारलेला माणूस वाईट अभिप्राय लिहितो, असा माझा अनुभव आहे.

सीझनच्या तोंडावर प्रोफाइलला हात लावू नका

गूगलवरच्या प्रोफाइलमध्ये नाव, पत्ता किंवा धंद्याचा मुख्य प्रकार बदलला की पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते. आपल्या धंद्यात हे जास्त जाचतं, कारण बनावट कुलूपवाल्यांच्या नोंदींनी नकाशे बरबटलेले आहेत. मार्च २०२५ मध्ये गूगलने बनावट नोंदींच्या जाळ्याविरुद्ध खटला भरला आणि दहा हजारांहून अधिक नोंदी काढल्याचं सांगितलं. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका कुलूपवाल्याच्या नावाने चाललेल्या तोतयेगिरीच्या तक्रारीतून झाली होती. त्यामुळे छाननी कडक आहे आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं.

एकदा गर्दीच्या आदल्या आठवड्यात मी दुकानाच्या नावापुढे 'चोवीस तास तातडीची सेवा' असं जोडलं. नियमाप्रमाणे पाटीवर आहे तेवढंच नाव तिथे चालतं. प्रोफाइल निलंबित झालं आणि परत दिसेपर्यंत सीझन उलटून गेला. असे बदल रिकाम्या महिन्यातच करा. सीझनआधी फक्त सुट्टीच्या दिवसांच्या विशेष वेळा भरा, कारण सगळं बंद असलेल्या दिवशी 'चालू' दिसणारा एकच चावीवाला असेल तर फोन त्यालाच जातो.

फोटो टाकताना

बनवलेल्या किल्लीचा फोटो छान दिसतो, पण तो टाकायचा नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी दुरून काढलेल्या फोटोवरून किल्लीच्या खाचा मोजून तशीच किल्ली बनवून दाखवली होती. अमेरिकी विमानतळांवर सामान तपासायला वापरल्या जाणाऱ्या मास्टर किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात छापला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्यावरून त्रिमितीय छपाईने किल्ल्या तयार करायच्या फाइल इंटरनेटवर आल्या. दात झाकले तरी किल्लीच्या डोक्यावर कोरलेला क्रमांक राहतो, आणि त्या क्रमांकावरूनही पुष्कळ किल्ल्या कापता येतात. माझा नियम: फोटो फक्त अजून न कापलेल्या कोऱ्या किल्लीचा. दार दाखवायचं तर घराचा क्रमांक, नावाची पाटी, खिडकीबाहेरचं दृश्य यातलं काही चौकटीत नको. आणि सुट्टीला गेलेल्या ग्राहकाच्या घरचं काम त्याच दिवशी कधीच टाकू नका.

कुलूप उघडतानाचा व्हिडिओ खूप चालतो, मान्य. बघणारे मात्र ग्राहक नसतात.

परिणाम मोजायचा कसा

पोस्ट टाकल्यावर दोन दिवसांत फोन मोजणं सोडा. वहीत चौथा रकाना वाढवा: 'नंबर कुठे मिळाला?' प्रत्येकाला विचारायचं आणि त्याचेच शब्द लिहायचे. 'फेसबुकवरून आलो' असं फार कमी जण म्हणतात. 'नंबर होता माझ्याकडे' असं म्हणतात. मग पुढचा प्रश्न: 'कधीपासून?' माझ्याकडे एका बाईंनी सांगितलं, उघड्या दाराची ती चाचणी वाचली तेव्हा. ती पोस्ट सात महिन्यांपूर्वीची होती. आठवड्याच्या हिशोबात ती पोस्ट केव्हाच नापास झाली होती.

दोन सीझन हा रकाना प्रामाणिकपणे भरा. 'नंबर होता' म्हणणारे वाढत असतील तर तारखा तशाच ठेवून मजकूर सुधारत जा. रकान्यात सगळे 'नकाशावर शोधलं' म्हणत असतील तर पोस्टवरचा वेळ कमी करून प्रोफाइलवरचे फोटो, वेळा आणि अभिप्रायांना उत्तरं देण्याकडे वळवा. आणि सगळेच 'शेजाऱ्यांनी सांगितलं' म्हणत असतील, तर त्या शेजाऱ्यांकडे तुमचा आत्ताचाच नंबर आहे ना, एवढं एकदा विचारून घ्या. मी नंबर बदलल्यावर जवळपास वर्षभर जुनाच नंबर हातोहात फिरत होता.